बर्थ सेंटरच्या पेजवर फुगे नकोत, उत्तरं हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिलिव्हरी कुठे करायची हे ठरवताना हल्ली बायका आधी मोबाईलवर बर्थ सेंटरचं, म्हणजे मिडवाइफ (प्रशिक्षित सुईणी) बाळंतपण करतात त्या केंद्राचं, पेज उघडतात, आणि बऱ्याचदा तिथे दिसतात फुगे, शुभेच्छा, गोंडस बाळांचे रील आणि "आजच अपॉइंटमेंट घ्या". बाळं बघून छान वाटतंच हो, पण जिला नववा महिना लागलाय आणि रात्रीची झोप उडालीये तिला वेगळंच काही हवं असतं. कळा सुरू झाल्यावर निघायचं कधी, रात्री दोनला फोन उचलणार कोण, नवऱ्याला किंवा आईला आत थांबू देतात का, आणि मधेच काही बिनसलं तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार आणि पोचायला वेळ किती लागणार?

हा शेवटचा प्रश्न तर हमखास टाळतात. बर्थ सेंटर असतं कमी धोक्याच्या गरोदरपणासाठी, सिझर लागलं तर हॉस्पिटलच गाठावं लागतं, आणि पहिलटकरणींना हलवायची वेळ जास्त येते, मग हे स्पष्ट लिहायला काय हरकत आहे? माझ्या मते हीच पोस्ट पेजवर सगळ्यात वर पिन करून ठेवावी. ज्या मिडवाइफ तिथे काम करतात त्यांनी स्वतः मोबाईलसमोर उभं राहून खोली दाखवावी, बाळाचे ठोके ऐकायचं डॉपलर, बाळाने श्वास घेतला नाही तर लागणारी हवा देणारी पिशवी आणि मास्क, जास्त रक्त गेलं तर द्यायचं इंजेक्शन कुठे ठेवलंय, सगळं. फार एडिटिंगची गरज नाही, फक्त बोललेलं खाली अक्षरात द्या कारण कितीतरी जणी आवाज बंद ठेवून बघतात.

आणि एक व्हिडिओ "आत्ता घरी जा" असं का सांगतात यावर हवाच. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) २०१८ च्या शिफारशींप्रमाणे प्रसूतीचा सक्रिय टप्पा गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यापासून धरतात, त्याआधीच्या कळा कितीतरी तास चालू शकतात, हे आधी कळलं असेल तर परत पाठवल्यावर बाई घाबरत नाही आणि तिला अपमानही वाटत नाही.

इनबॉक्सचं मात्र मला खरंच टेन्शन येतं. कुणीतरी मेसेज टाकते की बाळाची हालचाल कमी वाटतेय आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला जातो, असं होता कामा नये. रक्त जाणं, पाणी जाणं, जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, हालचाल कमी होणं, यातलं काहीही असेल तर मेसेज न करता लगेच फोन करा असा ऑटो रिप्लाय २४ तास चालू असणाऱ्या नंबरसकट लावायला पाच मिनिटं लागतात.

वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना "तुमचं बीपी वाढलं होतं म्हणून" असं चारचौघांत लिहिणारेही असतात, तो त्या बाईचा खाजगी तपशील आहे, तिथे फक्त "आम्हाला फोन करा, बोलू" एवढंच लिहावं. फोटोचंही तसंच. ॲडमिट करताना कागदांच्या गठ्ठ्यात सही घेतली म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, बाळंतीण घरी जाऊन जरा सावरली की तिला नेमका तो फोटो दाखवून विचारा, बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर नाव दिसत असेल तर झाका, आणि तिने नंतर कधीही काढा म्हटलं तर त्याच दिवशी काढा.

आपली,
एक वाचक