घरचे मन कचेरीत येतेच

महोदय,

‘घरच्या कटकटी दाराबाहेर ठेवून या,’ असे आमचे एक साहेब नेहमी बजावत असत. फोर्टमधील एका कचेरीच्या लेखाविभागात 31 वर्षे काढल्यावर मी एवढे खात्रीने सांगू शकतो की ते कोणालाच जमले नाही. खुद्द साहेबांनाही नाही.

आमच्या विभागातील एका बाईंच्या खतावणीत एरवी खाडाखोड शोधून सापडत नसे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी मात्र मार्चअखेरीस त्यांच्या हिशेबात 540 रुपयांचा फरक आला आणि आम्ही चौघे रात्री साडेआठपर्यंत तो शोधत बसलो. शेवटी 1,820 च्या जागी 1,280 लिहिलेले निघाले. फरकाला नऊने भाग गेला की आधी अंकांची अदलाबदल पाहावी, हे नवख्यांना शिकवणाऱ्या त्याच बाई होत्या! पुढे नव्या साहेबांनी त्यांना सकाळी तासभर उशिरा येण्याची तोंडी मुभा दिली आणि दोन महिन्यांत त्यांचा ताळा पूर्वीसारखा पहिल्या फटक्यात जुळू लागला.

मन आनंदी असले की काम चांगले होते, असे माझे मत आहे. त्यावर, बढती मिळाली म्हणून माणूस आनंदी होतो, आनंदी असतो म्हणून त्याला बढती मिळते असे नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच चुकीचा नाही. परंतु ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींना आधी विनोदी चित्रफीत दाखवली, काहींना दाखवली नाही आणि मग सर्वांना 10 मिनिटे दोन अंकी संख्यांच्या बेरजा करायला लावल्या, तेव्हा हसलेल्यांचे काम सुमारे 12 टक्क्यांनी सरस ठरले. इथे आनंद आधी होता, काम नंतर. ज्यांच्या घरी नुकतेच आजारपण वा मृत्यू झाला होता, त्यांच्या बेरजा कमी भरल्या, हे वाचताना मला आमच्या त्या बाईच आठवल्या.

पण चित्रफितीचा हा दाखला आमच्या व्यवस्थापकांनी फारच शब्दशः घेतलेला दिसतो. माझ्या सूनबाईंच्या अंधेरीच्या कचेरीत गेल्या महिन्यात ‘आनंद सप्ताह’ झाला आणि त्यातील हास्यवर्ग शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, उपस्थिती सक्तीची करून ठेवला गेला. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. सूनबाईंच्या कचेरीत त्याबद्दल विचारले की ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर दोन वर्षे मिळते आहे. मुंबईत नोकरदाराचा आनंद बहुधा गाडीच्या वेळेला बांधलेला असतो, हे वातानुकूलित दालनात बसून धोरण आखणाऱ्यांना कोणी सांगावे?

माणसाला सुखी करणे हे कचेरीचे काम नव्हे आणि ते तिच्या आवाक्यातही नाही. ठरलेल्या वेळी सुट्टी देणे, घरी आजारपण असेल तर तासाभराची सवलत देणे आणि सातनंतर फोन न करणे मात्र तिच्या हाती आहे. त्या शुक्रवारी सूनबाई हजेरीपटावर सही करून निघाल्या, घाटकोपरला मेट्रोतून उतरून गर्दीत दोन लोकल सोडाव्या लागल्या आणि मुलुंडला पोहोचेपर्यंत पाळणाघरात नातू एकटाच दप्तर पाठीला लावून बसला होता.

– एक निवृत्त लेखापाल, मुलुंड (पूर्व)