शपथेपूर्वी

महाल, नागपूर

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

कॅनडाच्या नागरिकत्वाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे तू काल सांगितलेस, पण तुझा आवाज एखादी चूक कबूल करणाऱ्यासारखा वाटला, म्हणून हे पत्र. परदेशाचे नागरिकत्व आपखुशीने घेतले की १९५५ च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो, हे मला ठाऊक आहे. त्याचे वाईट वाटले, नाही असे नाही.

खटकले ते वेगळेच. तुला राजे तिसरे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागणार. १९२३ मध्ये ज्या नागपुरात चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेले शेकडो सत्याग्रही इंग्रजांच्या तुरुंगात गेले, त्या गावच्या मुलीने हे म्हणावे, याचे मला हसूही आले. मग तो मसुदा मी नीट वाचला. तेथील मूळ निवासींचे हक्क आणि त्यांच्याशी झालेले करार मानण्याचे वचन २०२१ पासून त्याच शपथेत घातलेले आहे. ते वाचून मी बराच वेळ खिडकीशी बसून राहिलो. हे शहर देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसवले. आपले पूर्वज भोसल्यांच्या चाकरीसाठी देशावरून आले आणि दोन-तीन पिढ्यांत अस्सल नागपूरकर म्हणवू लागले. असे काही वचन आपल्याकडून कोणी घेतले नव्हते, आणि आपणही आपणहून दिले नाही.

तुझ्या आजोबांनी तर घर न बदलता मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्यप्रदेश, १९५६ नंतरचे द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० चा महाराष्ट्र अशी चार राज्ये पाहिली. नागपूरचे राजधानीपण गेल्याची हळहळ त्यांनी अखेरपर्यंत बोलून दाखवली, पण मुंबईच्या विधानसभेसाठी मतदान करायचे मात्र ते एकदाही चुकले नाहीत. हळहळ आणि मतदान यांची त्यांनी गल्लत केली नाही. तू मात्र नागपूरच्या रस्त्यांवरील खड्ड्यांविषयी तावातावाने बोलतेस आणि कॅनडात सात वर्षे राहूनही तुझ्या तिथल्या भागाच्या नगरसेवकाचे नाव तुला सांगता आले नाही. माझी तक्रार असलीच तर पासपोर्टाविषयी नाही, याविषयी आहे.

काटोलच्या बागेची चिंता करू नकोस. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, येथे मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते. यंदा आंबिया बहार चांगला धरला आहे.

शपथेचा दिवस आणि वेळ कळव. तेथे सकाळ असेल तेव्हा येथे रात्र झालेली असेल, पण आई आणि मी जागे राहू.

तुझे बाबा