बर्फ टाकायचा कुठे?

पुणे,
18 डिसेंबर

प्रिय विन्या,

परवा माझ्या कानटोपीवरून तू फोनवर जे काही बोललास, ते स्पीकर चालू असल्यामुळे घरात सगळ्यांनी ऐकलं. तेव्हापासून ही मला ‘बॉस्टनवीर’ म्हणते. आठ डिग्रीला कुडकुडणारा माणूस तिथे तगला कसा, हा तुझा प्रश्न. अरे, तिथे घरात वीस डिग्री असतं! आपल्याकडे बाहेर आठ असलं की फरशीवर पाय टेकवत नाही आणि खिडकीच्या फटीतून वारा थेट मानेवर येतो. पुण्याची थंडी घरात येऊन बसते. (1935 साली 17 जानेवारीला इथे पारा 1.7 वर उतरला होता. त्या पहाटे पेठेतल्या वाड्यांमधून लोक आंघोळीला कसे उठले असतील, कोण जाणे.) तिथली थंडी दाराबाहेर असते. दार उघडेपर्यंत तिचा आपला संबंध नाही. फक्त 2015 च्या त्या हिवाळ्यात दार उघडणं हेच मोठं काम होऊन बसलं होतं.

तू सगळं सविस्तर लिही म्हणालास, तर ऐक.

मी राहायचो सॉमरव्हिलमध्ये. बॉस्टनला अगदी चिकटून असलेलं गाव. तीन मजली लाकडी घर, तळमजल्यावर सत्तरी ओलांडलेली मालकीण, मधे दोन विद्यार्थी आणि वर मी. ही आणि चिमी पुण्यातच होत्या. जानेवारीची पंचविशी येईपर्यंत बर्फ असा नव्हताच. लोक म्हणत होते, यंदा सुटलो. मग 26 तारखेला (आपला प्रजासत्ताक दिन, म्हणून पक्की लक्षात आहे) संध्याकाळी सुरू झाला. गव्हर्नरचा हुकूम निघाला, मध्यरात्रीनंतर रस्त्यावर गाडी आणायची नाही. वादळ थांबलं तेव्हा विमानतळावर 24.6 इंच बर्फ मोजला होता.

या वादळांना तिकडे नॉरईस्टर म्हणतात. कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकतं, ईशान्येचा वारा अटलांटिकवरची ओल उचलून आणतो आणि कॅनडाकडून उतरलेली थंड हवा तिचा बर्फ करते. पहिलं वादळ मला आवडलं, खोटं कशाला बोलू? व्हिडिओ काढून पुण्याला पाठवले. पण पुढचं वादळ आठवड्याच्या आत आलं, मग त्याच्या पुढचं, आणि मधल्या दिवसांत काहीच वितळेना. फेब्रुवारीचं सरासरी तापमान उणे सातच्या आसपास. त्या एका महिन्यात 64.8 इंच पडला. तिथल्या नोंदींमध्ये इतका बर्फ कुठल्याच महिन्यात पडलेला नाही. अख्ख्या मोसमाचा हिशेब 110.6 इंच झाला, म्हणजे सव्वानऊ फूट. 1996 चा 107.6 चा विक्रम मोडला.

तुला वाटेल, त्रास थंडीचा. थंडीला कपडे असतात रे. त्रास होता तो बर्फ टाकायचा कुठे याचा. पहिल्या वेळी फावड्याने उचलून बाजूला टाकला. दुसऱ्या वेळी त्या ढिगावर. तिसऱ्या वेळी ढीग खांद्याच्या वर गेला होता, म्हणजे प्रत्येक फावडं डोक्यावरून उडवायचं, आणि वरून अर्धं परत आपल्याच अंगावर. रस्त्यावर लोटायची सोय नाही, दंड होतो. एवढं करून वाट मोकळी करावी, तर पालिकेचा बर्फ लोटणारा नांगर गाडीच्या तोंडाशी घट्ट भिंत रचून निघून जाणार. मालकीण खिडकीतून बोटाने दाखवायची: आधी पायऱ्या, मग फूटपाथ, मग कोपऱ्यावरचा आग विझवायचा नळ. तो नळ कोणाच्याच मालकीचा नाही आणि तरी आमच्या गल्लीत तो कधी गाडलेला राहिला नाही. गाडी तिची, खणायचो मी. बदल्यात संध्याकाळी दाराशी गरम सूपचं भांडं यायचं. आमच्यात गप्पा अशा कधी झाल्या नाहीत, पण खिडकीतून ती ओरडली नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आता तुला आवडेल असा भाग. सॉमरव्हिलमध्ये तेव्हा पालिकेने बर्फाची आणीबाणी लावली की गाड्या विषम घरक्रमांकांच्या बाजूलाच लावायच्या असत. पी-वन, पी-टू वर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही. पण बॉस्टनची खरी गंमत खुर्च्यांची. तासभर खणून गाडीची जागा मोकळी केली की गाडी नेताना तिथे काहीतरी ठेवून जायचं. मोडकी खुर्ची, कचऱ्याचा डबा, इस्त्रीचं टेबल. आणीबाणी उठल्यावर 48 तास ती जागा तुमची, हे शहरानेही मानलेलं. वरून चिकटवलेली चिठ्ठी: खुर्ची हलवलीत तर काय होईल ते बघाच! विन्या, सदाशिव पेठेपासून इतक्या दूर असं वाङ्मय वाचून मला गहिवरून आलं. जरा पाल्हाळ वाटलं, एवढंच.

लोकल तर कोलमडलीच. तो कोरडा, रव्यासारखा बर्फ जुन्या गाड्यांच्या मोटारींत शिरायचा आणि मोटारी जळायच्या. उघड्यावरच्या मार्गांवर वीज देणारा तिसरा रूळ गोठायचा. रेड लाइन नावाच्या मार्गावर 1969 चे डबे अजून धावत होते. 10 फेब्रुवारीला सगळी रेल्वे दिवसभर बंद, आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकीय प्रमुख बाईंनी राजीनामा जाहीर केला. मी सॉमरव्हिलमधल्या डेव्हिसपासून शेजारच्या केंब्रिजमधल्या केंडलला ऑफिसला चालत जायचो. फूटपाथ म्हणजे दोन भिंतींमधली एक माणूस मावेल एवढी चर. समोरून कोणी आलं की एकाने मागे सरून वाट द्यायची. नाकातले केस गोठतात, ते पहिल्यांदा कळतं तेव्हा हसू येतं. नंतर येत नाही.

छपरांचं सांगायचं राहिलं. घरातल्या उबेने छपरावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी कडेला येऊन पुन्हा गोठतं आणि त्याचा बांध होतो. मागचं पाणी मग जाणार कुठे? माझ्या खोलीत. बाहेर उणे दहा आणि मी पलंगाखाली बादली लावतोय, अगदी जुलैतल्या आपल्या जुन्या घरासारखा. त्या रात्री मात्र तिकीट काढून सरळ परत यावंसं वाटलं होतं. हिला कळवलं नाही.

लोकांनाही मार्चपर्यंत वेड लागायची पाळी आली. खिडक्यांतून ढिगांवर उड्या मारणं बंद करा, असं महापौर मार्टी वॉल्श यांना जाहीर सांगावं लागलं. आमच्या मधल्या मजल्यावरच्या दोघांनी हे ऐकून मग उडी मारली.

ट्रक भरभरून बर्फ बंदराजवळच्या मोकळ्या मैदानात नेऊन टाकत. समुद्रात का नाही, असं मीही विचारलं होतं. तर त्यात मीठ, तेल, कचरा असतो, म्हणून एरवी परवानगी मिळत नाही. तो डोंगर 75 फुटांच्या आसपास चढला. जूनमध्ये अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून मी तो पाहायला गेलो. काळा, चिखलाने माखलेला, कचरा बाहेर आलेला. बर्फ आहे हे सांगावं लागत होतं. तो संपेल कधी यावर शहराने लोकांना अंदाज करायला लावले होते. संपला 14 जुलैला.

बाकी सगळं ठीक. आईचे गुडघे धरलेत, पण गुळाच्या पोळ्या तिलाच करायच्यात. संक्रांतीला नक्की ये, वहिनींनाही आण, आणि कंदी पेढे विसरलास तर साताऱ्याला परत पाठवीन.

तुझा,
सुध्या