स्टार्टरला कुणाला विचारायचं नसतं

प्रिय मनू,

काल तू म्हणालीस की युनिव्हर्सिटी चॅलेंजच्या टीमची सिलेक्शन टेस्ट द्यायचीच नाही, तिथे सगळी लहानपणापासून ऑपेरा आणि शेक्सपिअर ऐकत वाढलेली मुलं येतात, मी कराडची काय करू, आणि मग फोन कट झाला की तू केलास ते कळलं नाही. रात्री झोप नाही लागली. फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय, शेवटपर्यंत वाच.

तू युनिव्हर्सिटी चॅलेंजचं नाव काढल्यापासून मी आणि पप्पा रोज रात्री यूट्यूबवर तेच बघतोय. तुमच्या तिकडच्या, ब्रिटनच्या टीव्हीवर १९६२ ला सुरू झालेला विद्यापीठांच्या टीमचा क्विझ कार्यक्रम, मध्ये १९८७ ला बंद पडला आणि १९९४ ला बीबीसीवर परत आला. आता प्रश्न विचारतात ते अमोल राजन, कोलकात्याचा जन्म, तीन वर्षांचे असताना तिकडे गेले. नियम तुला पाठ आहेत, पण मला ते पहिल्यांदा नीट समजले तेव्हा मी व्हिडिओ थांबवून बसले. म्हणजे बघ, १० मार्कांचा स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचा प्रश्न, ज्याला येतो त्याने बझर दाबायचा आणि एकट्याने उत्तर द्यायचं, टीममधल्या कुणाशी बोलायचं नाही. तो बरोबर आला तरच ५-५ मार्कांचे तीन बोनस प्रश्न, ते चौघांनी मिळून ठरवायचे आणि कॅप्टनने सांगायचे.

तुला मी हे कधी सांगितलं नाही. १९८५ ला दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं क्विझ टाइम लागायचं, कॉलेजच्या टीम यायच्या, आमच्याकडे टीव्ही नव्हता, मी शेजारच्या काकूंकडे दारात बसून बघायचे आणि अर्धे प्रश्न कळायचेसुद्धा नाहीत पण त्या मुलींना धडाधड उत्तरं देताना बघून अंगावर काटा यायचा. मग १९९३ ला कॉलेजच्या टीममध्ये माझं नाव आलं, तीन मुलं आणि मी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, हॉल भरलेला, आणि प्रश्न आला की बोसॉन हे नाव कुणावरून पडलं. मला येत होतं गं. मी कॅप्टनला हळूच सांगितलं, सत्येंद्रनाथ बोस. त्याने ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि माईकवर म्हणाला जगदीशचंद्र बोस. आम्ही हरलो. परतताना एसटीत कुणी त्याबद्दल बोललं नाही, मीपण नाही, आणि पुढच्या वर्षी सरांनी विचारलं तर नको म्हणून मोकळी झाले. आज बत्तीस वर्षं झाली, पण बोस नाव कुठे वाचलं तरी मला तो माईक दिसतो.

म्हणून मागच्या महिन्यात तू पबमधल्या क्विझचं सांगितलंस ना, की मला येत होतं पण टेबलावरचे दुसरंच म्हणाले म्हणून मी गप्प बसले, तेव्हा मी हो हो म्हणाले पण पोटात कालवलं. तू सहज बोलून गेलीस. मला ते सहज नाही वाटलं.

स्टार्टरला ती भानगडच नाही मनू. तिथे तुझं उत्तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून जात नाही. तू दाबलंस की तो निवेदक युनिव्हर्सिटीचं नाव घेणार आणि पुढे जोरात जाधव म्हणणार, आणि मग अख्खा स्टुडिओ फक्त तुझं ऐकणार. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत दाबून चुकलीस तर ५ मार्क जातात, जाऊ देत. बोनसलापण कॅप्टन स्वतःच बोलला पाहिजे असं नाही, तो नॉमिनेट म्हणून दुसऱ्याचं आडनाव घेतो आणि ज्याला येतं तोच बोलतो. हे मला फार आवडलं. कधी तू कॅप्टन झालीस तर कोपऱ्यातल्या गप्प माणसाला आधी विचार.

आणि मुलींना तिथे सगळं सोपं आहे असं मी म्हणत नाही. २००९ ला ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजची कॅप्टन होती गेल ट्रिंबल, टीमचे निम्म्याहून जास्त मार्क एकट्या तिचे, आणि लोकांनी नेटवर तिला काय काय नाही म्हटलं, हसते कशी, दिसते कशी, एवढं येतंच कसं. फायनल जिंकली, आणि नंतर कळलं की टीममधला एक जण तोपर्यंत स्टुडंट राहिला नव्हता म्हणून विजेतेपद काढून मँचेस्टर युनिव्हर्सिटीच्या टीमला दिलं. तिची काही चूक नव्हती. मी तिच्या मॅचच्या क्लिप्स तीन वेळा बघितल्या, ती शेजारच्याकडे बघत नाही, सरळ दाबते.

ऑपेराचं म्हणशील तर नसेल येत, ते इतर तिघांना येईल, चार जण त्यासाठीच असतात. पण केमिस्ट्री, गणित, नद्या, देशांच्या सीमा, नकाशावर बाणाने दाखवलेलं शहर ओळखा, असे कितीतरी प्रश्न असतात, आणि चौथीत असताना ॲटलास उशाशी घेऊन झोपणारी मुलगी मीच वाढवलीय. आपल्या अंधेरीच्या सरदार पटेल इंजिनिअरिंगची पोरं २००४ ला याच कार्यक्रमाच्या भारतातल्या आवृत्तीत आयआयएम अहमदाबादला हरवून जिंकली होती, तीपण आपल्यासारख्याच घरांतली असतील, कुणाकडे कुठे ऑपेरा होता.

सिलेक्शन होवो न होवो, तो वेगळा विषय. पेपरला बस. जिथे साठ टक्के खात्री असेल तिथे लिही, कोरं सोडू नकोस, आणि पुढे बझरची फेरी घेतली तर हात टेबलावरच ठेव, मांडीवर नको. तू शाळेत नेहमी मांडीवर ठेवायचीस.

मेथीचे लाडू आणि तिखट पार्सल केलंय, पप्पांनी आत स्वतःच्या अक्षरात चाळीस प्रश्नांची वही घातलीय, त्यांना बरं वाटावं म्हणून तरी सोडव. टेस्ट शुक्रवारी किती वाजता आहे ते कळव, आणि तुमची घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे झाली का अजून, म्हणजे साडेचार तास धरू की साडेपाच? मी त्या वेळेला बँकेत असेन, पण फोन ड्रॉवरमध्ये नाही ठेवणार, समोर ठेवेन.

तुझी,
आई