नडगी ठणकत असताना पळू नको

चि. सुप्रियास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आईनं वाचून दाखवला. "नडगी ठणकाय लागल्या, पण पळतोय मी." यातल्या पहिल्या भागाची मला काळजी नाही, दुसऱ्याची आहे. फोनवर तू "होय होय" म्हणून ठेवून देतेस, म्हणून कागदावर लिहितोय. आत्याच्या घरी कॅलेंडरमागं खोचून ठेव.

मे महिन्यात तू बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानाच्या मातीवर पळत होतीस, तेही एक दिवसाआड. मृग लागला, मैदानात चिखल झाला आणि तू टिळकवाडीतल्या काँक्रीटच्या रस्त्यावर आलीस. त्याच सुमारास पोलीस भरतीची अकॅडमी लावलीस, तिथं सकाळ-संध्याकाळ पळवायला लागले. काँक्रीट वाईट आहे असं नाही, त्यावर आयुष्यभर पळणारी माणसं आहेत. पण जमीन बदलली आणि पळणं दुप्पट झालं, दोन्ही एकदम. पळायला लागलं की दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाड मात्र मागून येतं. पावलागणिक नडगीच्या हाडावर ताण येतो आणि शरीर ते विश्रांतीत दुरुस्त करतं. दुरुस्ती व्हायच्या आत पुन्हा मार बसला की हाडाची आतली कड ठणकायला लागते.

फौजेच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये रिक्रूटांना पीटी देताना मी हे दर बॅचला बघायचो. खेड्यातली दणकट पोरं, शेतात राबलेली, तरी पहिल्या काही आठवड्यांत दोन-चार लंगडायचीच. जो लगेच एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात जायचा, त्याला थोडे दिवस पीटीतून सूट मिळायची आणि तो परत फॉल-इनला उभा राहायचा. जो मागच्या बॅचला टाकतील या भीतीनं लपवायचा, तो पुढं कुबड्यांवर दिसायचा आणि मागच्या बॅचला जायचाच. तुझ्या अकॅडमीतले सर "दुखणं डोक्यात असतं" म्हणतात म्हणे. पळायला लावणं त्यांचं काम आहे, त्यांना मान दे. पण पाय तुझा आहे.

आता आधी एक कर. खाटेवर बस, गुडघा वाकव आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत गुडघ्यापासून घोट्यापर्यंत खाली ये, सावकाश. चार बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखरा लागला, पळायला सुरुवात करताना जास्त दुखत असलं आणि अंग तापल्यावर कमी होत असलं, तर नेहमीची नडगीदुखी समज. पण रुपयाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर तोंडातून "आई गं" निघालं, त्या पायावर एकदा उडी मारवेना, किंवा रात्री झोपेतही ठणकायला लागलं, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांचे डॉक्टर गाठ. सुरुवातीला एक्स-रेमध्ये तडा बहुतेक वेळा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" ऐकून परत पळायला जाऊ नको, एमआरआय लागेल का ते विचार. पोटरी एकाच पायाची सुजली, गरम लागली किंवा पावलाला बधिरपणा आला, तरीही वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरकडं जायचं.

नेहमीचीच नडगीदुखी निघाली तर निदान दोन आठवडे पळू नको. घरात झोपून राहायचं नाही. दुखत नसेल तेवढं चाल, आत्याची सायकल काढ, दम टिकतो. चालून आल्यावर किंवा संध्याकाळी ठणकलं तर पंच्यात गुंडाळून बर्फ पंधरा मिनिटं धर. त्यानं ठणका कमी होतो, आजार जात नाही. गोळी खाऊन मैदानात जायचं तर अजिबात नाही, दुखणं हे तुझं मीटर आहे, ते झाकलंस तर कळणार कसं? शेजारच्या काकू तेल लावून नडगी रगडून देतो म्हणतील. पोटरीला हलका हात चालेल, हाडावर कुणाला दाबू देऊ नको.

याच दिवसांत पोटऱ्या मजबूत करून घे. जिन्याच्या पायरीवर चवडे ठेव, भिंतीला हात लाव, टाचा वर उचल आणि मोजत हळू खाली सोड. बारा-पंधरा वेळा, असे तीन सेट, एक दिवसाआड. एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा थोडे वाकवून. वाकवल्यावर पोटरीचा खालचा स्नायू कामाला लागतो आणि पळताना सगळ्यात जास्त भार त्याच्यावरच असतो. बाकी स्ट्रेचिंग तू रोज करतेसच.

साध्या चालीनं दुखत नाही, जिना उतरताना दुखत नाही, अंगठा दाबल्यावरही विशेष दुखत नाही, असं झालं की परत सुरू कर. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, तेही एक दिवसाआड. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. पावलं छोटी आणि पटापट टाक, टाच अंगापुढं लांब फेकू नको. राजहंसगडाचा उतार इतक्यात नको, चढण एक वेळ परवडते, उतरण नडगीला मारते. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आहे. त्यासाठी रोज आठ किलोमीटर कशाला गं?

बुटांचं आईकडून कळलं. तळ झिजून एका बाजूला कलला असेल तर बदल, खडेबाजारात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. महागडाच पाहिजे असं नाही, घालून दुकानात दोन फेऱ्या मार, कुठं टोचत नाही तोच घे. पैसे पाठवतोय.

हे आईनं लिहायला लावलंय. वजन कमी करायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडतेस म्हणे. पोटात नसेल तर हाड भरणार कशानं? नाचणीचं पीठ आणि तूप दिलंय, भाकरी खा, दूध पी. पाळी पुढं जायला लागली असेल तर लाजू नको, आईला फोन कर, हाडाचा आणि पाळीचा संबंध असतो.

रोप लावण उरकली. रविवारी ये, बसनं ये, पावसात स्कूटर नको. जुने बूट पिशवीत घालून आण, तळ बघतो.

तुझे पप्पा