कात्री घेऊन जेवायला बसणारे लोक

मा. संपादक, स.न.वि.वि.

मुलगा दक्षिण कोरियात सोलला नोकरीला असतो, त्याच्याकडे आठ दिवस राहून आलो. तिथे हॉटेलात न मागताच तोंडीलावण्याच्या सहा-सात वाट्या समोर येतात, बान्चान म्हणतात त्याला, संपलं की परत फुकट, आणि आपल्याकडे जादा कांद्याचे पैसे लावतात हो! मांस टेबलावरच भाजायचं आणि चक्क कात्रीने कापायचं, बायको म्हणे ही तर माझी शिवणाची कात्री. चॉपस्टिक स्टीलच्या, चपट्या, मेल्या घसरतात, शेवटी भात चमच्याने खाल्ला तर कळलं तेही चमच्यानेच खातात, उगाच लाजलो. ओळख झाली की लगेच वय विचारतात, अहो म्हणायचं की अरे ते ठरवायला. बऱ्याच लिफ्टमध्ये ४ ऐवजी एफ, कारण त्यांच्या भाषेत चारचा उच्चार मरणासारखा.

आणि किमची! थंडीआधी सगळे मिळून कोबी मुरवत घालतात, ते किमजांग २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत गेलं. मग आमच्या गोव्याच्या पुरुमेंताने, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीने, काय घोडं मारलंय, खारं (सुकी मासळी), सोलां (आमसुलं), सगळं पावसाआधी भरतोच ना? किमचीत खारवलेली सुंगटं (कोळंबी) घालतात कळल्यावर बायकोने परत वाढून घेतली, म्हणे वास अगदी म्हापशाच्या बाजाराचा.

– एक वाचक, फोंडा