झेड घरी आली, पण आधी तिची सगळी ऑइलं बदलली

वर्तकनगर, ठाणे

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू विचारलंस की गाडी येऊन तीन आठवडे झाले तरी घाटातला एक पण फोटो नाही, आणि मी नंतर सांगतो म्हणून फोन ठेवला. म्हटलं अर्धवट सांगण्यापेक्षा नीट बसून लिहूनच काढतो, कारण तू पण आता सेकंडहँड बघतोयस आणि हे तुला गाडी घ्यायच्या आधी माहीत असायला हवं.

तर निसानची ३७०झेड, दोन सीटची स्पोर्ट्स कार, २०११ची, ४६,००० किलोमीटर, सहा गिअरची मॅन्युअल. तीच रे, जिचा फोटो आपण हॉस्टेलच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला होता. फाइल एवढी जाडजूड की मला वाटलं काही करायलाच नको. पण घरी येऊन एकेक पान बघितलं तर इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेलं, बाकी गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा), ब्रेक, क्लच, सगळ्यापुढे नुसतं 'चेक्ड'. म्हणजे कोणीतरी झाकण उघडून बघितलं आणि बंद केलं. त्यात शेवटची तीन वर्षं गाडी फारशी चाललीच नाही, आणि मालक तेच कौतुकाने सांगत होता. पण उभ्या गाडीचं ब्रेक ऑइल काय थांबून राहत नाही, ते हवेतला ओलावा पित राहतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तुला माहितीये. डॉट ४, म्हणजे ब्रेक ऑइलचा एक दर्जा, कोरं असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, तेच पाणी मुरलं की ती हद्द १५५ वर येते, आणि एकदा उकळलं की पेडलखाली वाफ, ब्रेक नाही. कसारा घाट उतरताना मला हे शिकायचं नव्हतं, म्हणून ठरवलं की सगळं बदलेपर्यंत गाडी ऑफिसपलीकडे न्यायची नाही.

वागळे इस्टेटमध्ये एक ओळखीचे मेस्त्री आहेत, त्यांनी रविवारी लिफ्ट दिली आणि म्हणाले काम तू कर, मी उभा राहतो. इंजिन ऑइल आधी. गाडी जरा गरम करून घेतली म्हणजे ऑइल पातळ होऊन घाण घेऊन खाली येतं. नवीन वॉशर, नवीन फिल्टर, फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावून हातानेच आवळला, आणि जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना ते टॉर्च मारून बघितलं, हे विसरू नकोस, दोन रबरं एकावर एक बसली की सगळं ऑइल रस्त्यावर. साधारण पाच लिटर लागतं. कंपनी एस्टरवालं (एका प्रकारचं सिंथेटिक) ५डब्ल्यू-३० जाडीचं ऑइल सांगते, तेच घातलं, कारण हे ३.७ लिटरचं व्ही६ इंजिन मिनिटाला ७,५०० फेऱ्यांपर्यंत फिरतं आणि त्याचं ऑइल तापतं म्हणून सगळीकडे बोललं जातं, तिथे पैसे वाचवायला मन झालं नाही.

मग गिअरबॉक्स. मी सरळ खालच्या ड्रेन प्लगला पाना लावला आणि मेस्त्रींनी माझा हातच धरला. म्हणाले आधी वरचा, भरायचा, तो सुटतो का बघ, खालून सगळं ऑइल काढलंस आणि वरचा जाम निघाला तर गाडी इथेच राहील. पक्या, तो खरंच जाम होता. कोणीतरी आधी जीव खाऊन आवळलेला, कडा घासलेल्या. अर्धा तास गंजाचं स्प्रे मारून, थांबून, परत जोर लावून तो कट्ट करून सुटला तेव्हा माझे दोन्ही हात थरथरत होते. हे एक वाक्य वहीत लिहून ठेव, आधी वरचा प्लग, मग खालचा.

जुनं गिअर ऑइल वासानेच कळतं, गंधकाचा उग्र वास, दोन दिवस हाताचा जात नाही. ट्रेमध्ये सांडशीला बांधून चुंबक फिरवला तर त्याच्यावर राखाडी मऊ लेप आला, ओल्या पेन्सिलीच्या भुकटीसारखा. बोटांच्या चिमटीत चोळून बघितला, खरखर नाही, कण नाही, म्हणजे नेहमीची झीज. तुकडा मिळाला असता तर मी तिथेच बसलो असतो. इथे ऑइल जीएल-४ च घे (जीएल म्हणजे गिअर ऑइलची श्रेणी), दुकानदार जीएल-५ भारी म्हणून गळ्यात मारेल, पण त्यातल्या जादा रसायनांनी सिंक्रोचं, म्हणजे गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या कड्यांचं, पितळ खराब होऊ शकतं. जीएल-५ डिफरन्शियलला घालायचं, तिथे ते लागतंच. दोन्हीकडे गाडी लेव्हलमध्ये ठेवून वरच्या भोकातून बारीक धार बाहेर यायला लागेपर्यंत हातपंपाने भरायचं, एवढंच माप.

कूलंट आणि पॉवर स्टिअरिंगचं पटकन झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. कूलंटमध्ये नळाचं पाणी घालू नकोस आणि हवा निघेपर्यंत हीटर फुल ठेव, बस.

क्लचने मात्र रडवलं. ब्रेकचं ऑइल गडद चहासारखं निघालं, ठीक आहे, अपेक्षित होतं. क्लचची वेगळी छोटी बाटली असते, त्यातलं निघालं काळंकुट्ट, शाईसारखं. मी आत बसून पेडल दाबायचो, मेस्त्री खालून जुनं ऑइल काढायचं निपल उघडायचे, दाबलं, सोड, दाबलं, सोड, असं करत नळीतून स्वच्छ पिवळं यायला पाऊण तास गेला. पेडल एकदम घट्ट झालं, मी खूश. आणि काल, आठ दिवसांनी, झाकण उघडलं तर परत करडं. या गाडीचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग, गिअरबॉक्सच्या आतच बसतो आणि त्याचं रबर झिजलं की त्याचा चुरा ऑइलमध्ये येतो, पुढे एक दिवस पेडल तळाला जाऊन बसतं. घोडबंदर रोडला कंटेनरच्या रांगेत तसं झालं असतं तर काय केलं असतं विचार. राग आला मला त्या 'चेक्ड' शिक्क्याचा. पाच मिनिटांचं काम होतं, कोणीतरी ती काळी बाटली नक्की बघितली असणार आणि तरी शिक्का मारला.

पण गाडीवर राग नाही रे. आता तिच्यात प्रत्येक थेंब कुठला आणि कधीचा ते मला माहितीये, येऊरच्या पायथ्यापर्यंत नेली तेव्हा दुसरा गिअर लोण्यासारखा पडला, आधी जरा अडकायचा. जुनं सगळं ऑइल कॅनमध्ये भरून मेस्त्रींच्या ड्रममध्ये दिलं, ते रिसायकलवाल्याला जातं, इथल्या गटाराचं पाणी शेवटी खाडीतच जातं. सगळं मिळून १८,००० गेले, तू भाव करताना एवढे आधीच बाजूला धर. आणि बघायला जाशील तेव्हा टायर-पॉलिश राहू दे, पहिल्यांदा क्लचच्या बाटलीचं झाकण उघड.

स्लेव्ह सिलिंडर मागवलाय, आला की गिअरबॉक्स खाली उतरवायचा, पूर्ण दिवस जाईल. मेस्त्री म्हणाले धरायला एक माणूस अजून लागेल. नाशिकहून शनिवारी रात्री निघ, आई तुझ्यासाठी थालीपीठ करते म्हणालीये. काका-काकूंना नमस्कार सांग, आणि जुने कपडे घेऊन ये.

तुझा,
मन्या